आईचा कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा नाकारला. पुन्हा अर्ज कधी आणि कसा करावा?

मागवाला_सोलापूर

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितोय, कारण आठ दिवस झाले, घरात कुणाला अन्न गोड लागत नाहीये.

मोठा भाऊ ब्रॅम्प्टनला असतो, पीआर (तिथला कायमचा रहिवासी) आहे. वहिनी जानेवारीत बाळंत होणार. त्यांना आई नाही, म्हणून आमच्या आईनं जायचं ठरलं. आई ६३ वर्षांची. वडील तीन वर्षांपूर्वी गेले. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे टॉवेलचे आठ माग आहेत. शेड आईच्या नावावर आहे, कारखाना मी बघतो.

फाइल इथल्याच एका एजंटकडून भरली. ठसे द्यायला सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला गेलो. आईनं आयुष्यभर कांड्या भरल्यात, बोटांच्या रेषाच झिजल्यात, ठसे तीनदा घ्यावे लागले. तिथली मुलगी म्हणाली, "आजी, हात सैल सोडा." आई हसून म्हणाली, "सवय नाही गं." आता नकाराचं पत्र आल्यापासून तिला वाटतंय की आपल्या बोटांमुळेच सगळं बिघडलं.

पत्रात तीन कारणं दिलीत: कौटुंबिक संबंध, भेटीचा हेतू आणि आर्थिक स्थिती. एजंट म्हणतो, सहा महिने थांबा, मग नव्यानं भरू, चाळीस हजार लागतील. वर असंही म्हणतो की "पूर्वी व्हिसा नाकारला आहे का" याला "नाही" लिहायचं. हे बरोबर आहे का? सहा महिने थांबलो तर बाळ रांगायला लागेल.

हत्तुरेवस्ती

पहिल्यांदा आईंना सांगा की ठशांचा नकाराशी काही संबंध नाही. ठसे नीट आले नसते तर तेव्हाच कळवलं असतं. एकदा दिलेले ठसे १० वर्षं चालतात, त्यामुळे त्यांना त्यासाठी परत पुण्याला जावं लागणार नाही आणि ८५ कॅनेडियन डॉलरही वाचतील. अर्जाची फी मात्र पुन्हा भरावी लागते, १०० डॉलर.

ताई_विजापूररोड

दादा, एजंटकडचे कागद आजच परत घ्या. "नाही" लिहिणं ही सगळ्यात घातक गोष्ट आहे. जुना अर्ज त्यांच्याकडे नोंदलेला असतोच. खोटी माहिती दिली असं ठरलं तर कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम ४० खाली पाच वर्षं कॅनडाचं दार बंद. खरं लिहिल्यानं व्हिसा जात नाही. माझ्या सासूबाईंचा पहिला अर्ज नाकारला होता, दुसऱ्यात आम्ही तारखेसकट सगळं लिहिलं आणि व्हिसा मिळाला.

सहा महिने थांबायचा नियमही नाही. उद्या भरला तरी चालतो. पण तीच फाइल परत पाठवलीत तर तोच निकाल येईल. कॅनडाच्या व्हिजिटर व्हिसाला अपील नसतं. फेडरल कोर्टात जाता येतं, त्याला ६० दिवसांची मुदत असते, पण तो खर्च तुमच्यासारख्या केसमध्ये मी तरी करणार नाही.

आधी खरं कारण शोधा. पत्रातली कारणं छापील असतात, हजारो लोकांना तीच जातात. जुलै २०२५ पासून काही नकारपत्रांसोबत अधिकाऱ्याची टिपणंही जोडून येतात, तर अर्ज भरलेल्या ऑनलाइन खात्यात लॉगिन करून नीट बघा. ती नसतील तर भावाला तिथून माहितीच्या अधिकारात मागवता येतात. फी ५ डॉलर, आईंची लेखी संमती लागते. कायद्यानं ३० दिवसांत द्यायला हवीत, कधीकधी जास्त लागतात. मग एजंटनं नेमकं काय भरलं होतं ते त्या टिपणांशेजारी ठेवून ओळ न् ओळ वाचा. आमच्या फाइलमध्ये निमंत्रणपत्रात तीन महिने होते आणि फॉर्ममध्ये सहा. एवढ्यावरून "हेतू स्पष्ट नाही" असं लिहून आलं होतं.

कॅल्गरीकर_मूळचा_नवीपेठ

भाऊ पीआर आहे तर सुपर व्हिसाचा (तिथे राहणाऱ्यांच्या आई-वडिलांसाठीचा जास्त मुदतीचा व्हिसा) विचार करा. साध्या व्हिसावर एका वेळी साधारण सहा महिने राहता येतं, सुपर व्हिसावर पाच वर्षांपर्यंत. घरातली माणसं मोजून ठरलेलं किमान उत्पन्न भावाला दाखवावं लागतं, आणि त्यात आईही मोजतात. किमान १ लाख डॉलरचा आरोग्य विमा लागतो. वैद्यकीय तपासणी त्यांच्या यादीतल्या डॉक्टरकडेच करायची, आपल्या फॅमिली डॉक्टरचं सर्टिफिकेट चालत नाही. पण तीन महिन्यांत परत यायचं असेल तर साधाच व्हिसा बरा. विम्याचा खर्च उगाच कशाला?

आणि बाळंतपणाचं कारण लपवू नका. सुनेला बाळाच्या कामात बिनपगारी मदत करणं तिथे "नोकरी" धरत नाहीत.

मागवाला_सोलापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचं वाचून काल रात्री भावाबरोबर व्हिडिओ कॉलवर अख्खी फाइल उघडली. टिपणं पत्रासोबतच होती, आम्हाला कुणी दाखवलीच नव्हती. एजंटनं आईच्या व्यवसायासमोर "गृहिणी, उत्पन्न नाही" लिहिलंय! शेडचं भाडं तिच्या खात्यात येतं, उद्यम (लघुउद्योगाची सरकारी) नोंदणी तिच्या नावावर, ती दरवर्षी रिटर्न भरते. हे काहीच जोडलेलं नाही. उलट "खात्यात जास्त दिसू दे" म्हणून त्यानं सांगितल्यावर मी अर्जाच्या आठ दिवस आधी चार लाख भरले होते. अधिकाऱ्यानं नेमकं तेच धरलंय: उत्पन्न नाही, आणि अचानक आलेली रक्कम, स्रोत माहीत नाही. चूक माझीही आहे.

मी, माझी बायको, दोन्ही मुलं आईबरोबरच राहतो, हेही फाइलमध्ये कुठंच नाही. म्हणजे कागदावर ती सोलापुरात एकटी आणि तिचं सगळं कुटुंब कॅनडात!

ताई_विजापूररोड

मग हेच एका पानाच्या पत्रात लिहा. मागच्या वेळी काय राहिलं, आता काय जोडलंय, एवढंच. विनवण्या नकोत. चार लाख कुठून आले त्याची नोंद द्या, तुमच्या खात्यातून गेले असतील तर तुमचं स्टेटमेंट आणि दोन ओळींचं गिफ्टपत्र. सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, रिटर्न, शेडचा उतारा, उद्यम प्रमाणपत्र. रेशनकार्डावर तुम्ही सगळे आईंबरोबर असाल तर तेही. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर लागतं आणि ते घरच्या माणसानं केलेलं चालत नाही. भाषांतर करणारा प्रमाणित नसेल तर त्याचं नोटरीसमोरचं प्रतिज्ञापत्र जोडायचं.

मागवाला_सोलापूर

वडिलांचा मृत्यूचा दाखला मराठीत आहे, तोही भाषांतर करू का?

हत्तुरेवस्ती

महापालिकेच्या दाखल्यावर मराठीखाली इंग्रजी छापलेलं असतं का बघा. असेल तर नको.

मागवाला_सोलापूर

आहे, दोन्ही आहे. उतारा आणि रेशनकार्ड आज भाषांतराला दिले. फॉर्म या वेळी मी आणि भाऊ मिळून भरतोय, नकाराची तारीख लिहून. आईला टिपणांचा अर्थ मराठीत वाचून दाखवला. दोनदा विचारलं तिनं, "बोटांचं काहीच नाही ना त्यात?" नाही म्हटल्यावर उठून बाळाच्या दुपट्यासाठी मागावरचं मऊ सूत बघायला गेली.