दगडी पाला चोळणं आणि अर्क लावणं

भावा, 'जखमेवर दगडी पाला चुरडून लावला म्हणजे अर्कच लागला, मलमाला पैसे कशाला?' हे तुझं म्हणणं अर्धं पटलं. आमच्या करवीरात उसाच्या भांगलणीत खुरपं लागलं की बाया बांधावरचा पाला तळहातावर चोळतात आणि हिरवा रस बोटावर पिळतात. चरचरतं, पण रक्त थांबतं. मीही लावून घेतलाय.

अर्काचं मात्र वेगळं. पानं सावलीत वाळवून भुकटी करायची, अल्कोहोलमध्ये भिजवायची, गाळून अल्कोहोल उडवायचं. उरलेला चिकट गोळा मोजून मलमात घालतात. कशात भिजवलं यावर काय उतरणार ते ठरतं. हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात जवळपास विरघळतच नाही, अल्कोहोलमध्ये विरघळतं. मंडूकपर्णी या औषधी वनस्पतीतल्या एशियाटिकोसाइडने कोलॅजन, म्हणजे कातडी बांधून ठेवणारं प्रथिन, वाढतं म्हणतात, पण असले बरेच प्रयोग उंदरांवरचे. उंदराची जखम मुख्यतः कातडी आक्रसून मिटते, आपली खालून भरून येते. हा फरक कुणी सांगत नाही.

आणि बांधावरच्या पाल्याला माती असते, मातीत धनुर्वाताचे जंतू. आमच्या चुलत्यांना शुगर. नव्या कोल्हापुरी चपलेनं टाच सोलली, आठ दिवस हळद-तेलाचा लेप, पू झाल्यावर दवाखाना! नुसतं खरचटलं तर धुऊन कोरफडीचा गर खुशाल लाव. खोल लागलं किंवा शुगर असली तर वाहत्या पाण्यात धू आणि सरळ डॉक्टरांकडे जा.

बाकी तुझा पाला लांब दांडीवर एकच फूल येणारा, एकदांडीच ना?