ब्रदरहूडमधलं टायबर बेट जहाजासारखं का हाय?

कृष्णाकाठ_सांगली: असॅसिन्स क्रीड ब्रदरहूड आत्ता कुठं खेळायला घेतलाय, गेम २०१० चा हाय पण माझ्या लॅपटॉपवर झकास चालतोय. सुरवातीलाच बोर्जिया या शत्रू घराण्याच्या तोफांनी आपल्या हिरोचा, एत्सिओचा वाडा पाडला, मग रोममधे आलो आणि टायबर नदीतल्या बेटावर अड्डा मिळाला. मॅपवर झूम केलं तर बेट दोन्ही टोकांना निमुळतं, नदीत जहाज उभं केल्यागत. हे खरंच असं हाय का गेमवाल्यांनी बनवलंय? आणि आपल्या टोळीत भरती केलेल्या पोरांवर आत्ताच वेळ घालवू का आधी मेन स्टोरी संपवू?

सातारकर_गेमर: बेट खरं हाय भावा, आणि जहाजाचा आकार रोमन लोकांनी मुद्दाम दिलाय. इसवीसनापूर्वी २९३ ला रोममधे मोठी साथ आली तेव्हा ग्रीसहून एस्क्युलेपियस या वैद्यदेवाचा साप जहाजातनं आणला, तो नदीत उतरून थेट या बेटावर गेला अशी कथा हाय, म्हणून देऊळ तिथंच बांधलं आणि नंतर बेटाच्या कडेला दगड लावून जहाजाचा आकार केला. पूर्वेच्या बाजूला तो दगड थोडा शिल्लक हाय, त्यावर काठी आणि तिला वेढा घातलेला साप कोरलाय. आजही बेटावर हॉस्पिटल हाय, पण ते सोळाव्या शतकाच्या शेवटी सुरू झालं आणि गेमची गोष्ट १५०० च्या आसपासची, त्यामुळं गेममधे शोधत बसू नको.

बहे_बेटाजवळचा: मला तर तिथला पूल जास्त भारी वाटतो. फाब्रिसिओ पूल, इसवीसनापूर्वी ६२ चा, अजून लोक त्यावरनं चालतात! मधल्या खांबात एक छोटी कमान मोकळी ठेवलीय, पूर आला की पाणी तिच्यातनं पण जावं आणि खांबावरचा दाब कमी व्हावा म्हणून. २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलावर पाणी चढताना ज्यांनी बघितलंय त्यांना या कमानीची किंमत लगेच कळंल, आमच्या कृष्णेतल्या रामलिंग बेटाला पण पुरात काय होतं ते बघतोच की.

सातारकर_गेमर: पोरांचं राहिलंच. आत्तापासनंच घे त्यांना, बोर्जियाचा एकेक बुरुज जाळशील तशी भरतीची जागा वाढत जाते, एकूण १२ जण होतात. कबुतरखान्यातनं त्यांना बाहेरच्या कामगिरीवर पाठव आणि तू इकडं स्टोरी खेळत रहा, फक्त यशाची टक्केवारी कमी दिसली तर नवख्या पोराला एकट्याला धाडू नको, मेला तर परत येत नाही. दहाव्या रँकला पोचला की त्याचा दीक्षेचा विधी या बेटावरच होतो, तो स्किप करू नको.