मदत हवी आहे: भोसरीतल्या बंद शेडचे ॲस्बेस्टॉसचे पत्रे

भोसरी एमआयडीसीतली बंद मशीन शॉपची शेड छोट्या वर्कशॉपसाठी गाळे पाडून पुन्हा सुरू करायची आहे. नॉर्थ लाइट ट्रस (करवतीच्या दात्यांसारख्या छपराचे त्रिकोणी सांगाडे) इतके भक्कम आहेत की ते पाडायचे नाहीतच.

अडचण छपराची. पत्रे ॲस्बेस्टॉस सिमेंटचे, ते पर्लिनला (ट्रसवरच्या आडव्या दांड्यांना) धरणारे ८ मिमीचे जे-हुक, म्हणजे J आकाराचे बोल्ट, गंजून जाम. पाना फिरवला की पत्रा भोकापाशी तडकतो. गंज सोडवायचं तेल मारलं, उपयोग नाही. बोल्ट कटरचा जबडा वॉशरखाली शिरत नाही. ग्राइंडर नको, ॲस्बेस्टॉसचे घातक तंतू उडतील. पत्रे भिजवून अख्खे उतरवायचे, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळायचे. खालून मचाण बांधलंय. शेजारचं युनिट चालू असल्याने काम फक्त गुरुवारी, साप्ताहिक सुट्टीला. भंगारवाले फोडून नेतात, ते चालणार नाही.

हुक खालून पर्लिनपाशी कशाने कापावेत? आणि पत्रे रीतसर कोण, कोणत्या कागदपत्रांवर घेतं?