कसबा कधीच सेफ सीट नव्हती

वर कोणीतरी लिहिलंय की पुण्यातल्या कसबा विधानसभा मतदारसंघात भाजपने कुणालाही उभं केलं तरी तो निवडून आला असता, तिथले अनेक वर्षांचे आमदार गिरीश बापट यांचं त्यात काय. मला हे अजिबात पटत नाही. कसब्याचे तेव्हाचे भाजप आमदार अण्णा जोशी १९९१ ला खासदार झाले आणि कसब्यात पोटनिवडणूक लागली तेव्हा गिरीश बापट स्वतःच पडले होते, काँग्रेसचे वसंत थोरात आले. मग बापट १९९५ ला जिंकले ते २०१४ पर्यंत सलग पाच वेळा. मधे १९९६ ला लोकसभेला काँग्रेसच्या सुरेश कलमाडींकडून हरले, पण आमदारकी टिकवली.

आणि २००९ आठवा जरा. बापटांसमोर मनसेचे रवींद्र धंगेकर, काँग्रेसचे रोहित टिळक, तिरंगी लढत आणि बापटांचं लीड जेमतेम आठ हजाराचं. असल्या मतदारसंघात माणूस पेठेतल्या गल्लीबोळात, मंडळांच्या मांडवात, कट्ट्यावर दिसावाच लागतो, आणि बापट दिसायचे. टेल्कोत नोकरी केलेला, आणीबाणीत जेलमधे गेलेला, मग नगरसेवक, तिथून वर आलेला माणूस, सगळ्या पक्षात दोस्ती.

फेब्रुवारी २०२३ च्या कसब्यातल्या पोटनिवडणुकीत आजारी बापट प्रचारासाठी केसरीवाड्यात व्हीलचेअरवरून आले, नाकात ऑक्सिजनची नळी, बोलताना धाप लागत होती. पक्षाने त्यांना त्या अवस्थेत आणायलाच नको होतं, माझं स्पष्ट मत. तरी भाजपचे हेमंत रासने पडले आणि धंगेकर, आता काँग्रेसकडून, जवळपास अकरा हजारांनी आले. पुढे २०२४ ला रासनेच जिंकले हे मान्य, पण मधली ती निवडणूक बघून तरी सेफ सीट म्हणू नका.