मदत हवी आहे: 100 वॅटच्या सेटमधून 133 वॅट कसे?

हॅम (हौशी रेडिओवाल्या) मंडळी, नमस्कार. इंदूरला राजेंद्रनगरात गच्चीवर 7 मेगाहर्ट्झचा डायपोल (मधोमध केबल जोडलेली दोन तारांची अँटेना) ताणलाय. जागा अपुरी, म्हणून दोन्ही टोकं खाली वाकवलीत. जुळणी यथातथाच, हे मान्य.

सेट आणि ट्यूनरच्या (अँटेना सेटशी जुळवून देणाऱ्या डब्याच्या) मधे मीटर लावला तर फॉरवर्ड (अँटेनाकडे जाणारी पॉवर) 100 वॅट, रिफ्लेक्टेड (परत येणारी) जवळपास शून्य. तोच मीटर ट्यूनरच्या पुढे, अँटेनाच्या बाजूला लावला की फॉरवर्ड 133 आणि रिफ्लेक्टेड 33! म्हणजे एसडब्ल्यूआर (जुळणी किती बिघडली ते सांगणारा आकडा; 1 म्हणजे चोख) 3.

इथले एक अनुभवी काका म्हणतात, "अरे, ते 33 वॅट परत येऊन फायनल जाळतील." (फायनल म्हणजे सेटमधला शेवटचा पॉवर टप्पा.) मला पटत नाही. परतलेली लाट ट्यूनरवरून पुन्हा अँटेनाकडे वळते आणि फॉरवर्डमध्येच मोजली जाते, असं मला वाटतं. खरी पुढे गेलेली पॉवर 133 वजा 33, म्हणजे 100च (ट्यूनरमधली तूट सोडा). सेटला 50 ओहमच दिसतोय, मग तो जळेल कशाने? माझं गणित कुठे चुकतंय का?

दुसरी शंका जास्त छळतेय. केबल मीटरभर वाढवली की ट्यूनर पुन्हा जुळवूनही अँटेनाच्या बाजूचा एसडब्ल्यूआर चांगलाच बदलतो. एवढ्याशा लांबीत तूट ती किती, आकडा हलायलाच नको! बॅलन (केबल आणि डायपोलच्या जोडावर लावतात तो, जाळीवरचा बाहेरचा करंट रोखणारा भाग) लावलेला नाही. केबलच्या जाळीवर बाहेरून करंट वाहतोय का? तो अडवायला फेराइट रिंगवर केबलचे वेढे घेऊन चोक करायचा विचार आहे. 31 मिक्स (फेराइटच्या मिश्रणाचा एक प्रकार) इथे मिळेना, 43 या बँडला चालेल का, आणि वेढे किती घ्यावेत?