मदत हवी आहे: घरचा दिवाळी फराळ आणि जावेचं पार्लर एकाच घरात, नोंदण्या नेमक्या कोणत्या?

तळणीचा_झारा | ९ ऑक्टोबर २०२३

नमस्कार. आम्ही डोंबिवली पूर्वेला राहतो. तळमजल्यावरचं, मागेपुढे दार असलेलं जुनं घर आहे. गेली सहा वर्षं मी घरून दिवाळीचा फराळ करून देते. चकली, पोह्यांचा चिवडा, शंकरपाळे, करंज्या, बेसनाचे लाडू, आणि आधी सांगितलं तर अनारसे. एरवी पुरणपोळ्या आणि मोदकांच्या ऑर्डरी असतात. वर्षाचे सगळे मिळून साडेतीन लाखांच्या आसपास होतात. आजवर सगळं ओळखीत चाललं, कुणी कागद विचारला नाही.

या वर्षी एमआयडीसीतल्या एका कंपनीने ६० बॉक्स सांगितले आहेत, प्रत्येकी सव्वा किलोचे. ६ नोव्हेंबरला द्यायचे आहेत. त्यांच्या खरेदी विभागाने विचारलं, "मॅडम, एफएसएसएआय नंबर पाठवा, बॉक्सवर छापलेला लागेल." माझ्याकडे तो अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नोंदणी क्रमांक नाही, आणि खोटं मला बोलता येत नाही. आठ दिवसांची मुदत मागून घेतली आहे.

धाकटी जाऊ पुढच्या खोलीत पार्लर चालवते. तिच्याकडे दोन मुली कामाला आहेत. तिचीही कसलीच नोंदणी नाही आणि पाटी इंग्रजीत आहे. एक एजंट घरी येऊन गेला. दोघींचं मिळून "फूड लायसन्स, उद्यम, शॉप ॲक्ट, जीएसटी, सगळं पॅकेज" साडेनऊ हजारांत करून देतो म्हणाला, आणि एका घरात पार्लर आणि खाद्यपदार्थ दोन्ही असतील तर धाड पडते असंही बोलून गेला. त्या दिवसापासून जावेला झोप नाही.

माझे प्रश्न:

मला यातलं नक्की काय लागतं आणि आधी काय करू? पार्लर शेजारच्या खोलीत असल्यामुळे खरंच अडचण आहे का? जावेला दर बॉक्समध्ये सासूबाईंच्या पद्धतीच्या उटण्याची पुडी घालायची आहे (मुलतानी माती, नागरमोथा, वाळा, कपूरकाचरी, आंबेहळद), ती चालेल ना? आणि यातले आठ बॉक्स कंपनीच्या बंगळूरच्या ऑफिसला जाणार आहेत, त्याचं वेगळं काही करावं लागतं का?

स्वच्छतेत मी कधी कसूर केलेली नाही. पण नियम माहीत नसताना स्वच्छ असणं आणि नियमाने स्वच्छ असणं यात फरक असेल, तर तो मला समजून घ्यायचा आहे.

---

पुरणयंत्र | ९ ऑक्टोबर

ताई, आधी एजंटला नाही म्हणा. मी सांगलीत २०१९ पासून पुरणपोळीचा व्यवसाय करते, सगळे कागद स्वतः केले आहेत.

वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असेल तर लायसन्स लागतच नाही, फक्त नोंदणी लागते. फी वर्षाला १०० रुपये. एक ते पाच वर्षांची एकदम घेता येते, म्हणजे पाच वर्षांचे ५००. फॉसकॉस या केंद्राच्या संकेतस्थळावर 'फॉर्म ए' भरायचा. तुमचा फोटो आणि ओळखपत्र लागेल. दिवसाला १०० किलोपर्यंत माल करणारे या नोंदणीत बसतात. तुमचे साठ बॉक्स म्हणजे सगळे मिळून ७५ किलो, तेही बऱ्याच दिवसांत होणार, तेव्हा त्याची काळजी नको.

अर्ज केल्यावर ७ दिवसांत नोंदणी देणं, कारण लिहून नाकारणं किंवा तपासणीची सूचना देणं हे कार्यालयाचं काम आहे. तपासणी लावली तर ३० दिवसांत निर्णय. म्हणून आजच भरा, उद्यावर टाकू नका. मंजुरी आली की १४ आकडी नंबर मिळतो. तो बॉक्सवर घालायचा आणि बिलावरही लिहायचा. बिलावरचा नंबर १ जानेवारी २०२२ पासून सक्तीचा आहे, ते बरेच जण विसरतात.

अडलं तर ठाण्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात सरळ जा. माझ्या गावच्या कार्यालयात मी घाबरत घाबरत गेले होते. तिथल्या बाईंनी खुर्ची देऊन अर्धा तास समजावून सांगितलं.

---

वजनकाटा | ९ ऑक्टोबर

लेबलचं मी सांगतो, छपाईचं काम करतो म्हणून.

पदार्थाचं नाव, घटक जास्त प्रमाणाकडून कमी प्रमाणाकडे, पोषणमूल्यं, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत खावं ती तारीख, बॅच नंबर, तुमचं नाव-पत्ता, ग्राहकाने फोन करायचा नंबर, सर्व करांसह किंमत, एफएसएसएआयचं बोधचिन्ह आणि नंबर, आणि चौकोनातला हिरवा भरीव गोल. गहू, दूध, शेंगदाणे, काजू-बदाम ज्यात असतील त्या पदार्थावर तसं वेगळं लिहायचं. चिवड्यात शेंगदाणे असतातच, तिथे विसरू नका.

एक गोष्ट पुष्कळांना धक्का देते. अन्नाच्या लेबलवरचा सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत हवा. मराठी जरूर घाला, पण सोबत म्हणून. नुसतं मराठी लेबल नियमात बसत नाही. मलाही हे पटत नाही, पण तुमच्या हातात साठ बॉक्स आहेत, तेव्हा दोन्ही भाषांत छापू.

आणि वर्तमानपत्र कुठेही नको. तळण निथळायलासुद्धा नको, शाई तेलात उतरते.

---

आरसा_कंगवा | १० ऑक्टोबर

नाशिकला माझं पार्लर आहे, चौदा वर्षं झाली. जावेला सांगा, शांत झोप.

दोन मुली कामाला, म्हणजे दहापेक्षा कमी. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली अशांना नोंदणी नाही, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते. लोक त्यालाच शॉप ॲक्ट म्हणतात. व्यवसाय सुरू केल्यापासून ६० दिवसांत द्यायची असते, ती राहून गेली आहे, तर आता देऊन टाका. उद्यम, म्हणजे लघुउद्योगांची सरकारी नोंदणी, पूर्ण मोफत आहे, तिचे पैसे मागणाऱ्याला दार दाखवा. कर्जाला, योजनेला उपयोगी पडते, पण सक्ती नाही. पार्लरसाठी महापालिकेचा वेगळा परवाना लागतो का, हे शहरागणिक बदलतं. महापालिका कायद्याच्या कलम ३७६ खाली काही व्यवसायांना परवाना लागतो. तुमच्या प्रभाग कार्यालयात परवाना विभागात विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

पाटी मात्र लगेच बदला. २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी माणसं असलेल्या दुकानांनाही देवनागरी मराठी पाटी लागते, आणि ती अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान असून चालत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २५ सप्टेंबर २०२३ ला मुंबईच्या दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली.

आता शेजारच्या खोलीचं. एकाच घरात दोन व्यवसाय आहेत म्हणून धाड पडते असं काही नसतं. पण ताई, तुम्ही विचारलंत तो फरक नेमका इथेच आहे. कापलेले केस पंख्याच्या वाऱ्याने घरभर जातात. केसांच्या रंगाचा, नेलपॉलिश रिमूव्हरचा वास तुपाला चिकटतो. अन्न नियमांच्या चौथ्या अनुसूचीत लहान व्यावसायिकांसाठी वेगळा भाग आहे, तो वाचा. नखं कापलेली, हात साबणाने धुतलेले, जखम झाकलेली, आणि संसर्गजन्य आजार असलेल्या माणसाने अन्नाला हात लावायचा नाही. म्हणजे पार्लरमधली मुलगी मधल्या वेळात करंज्या भरायला आली, असं होता कामा नये. तिच्या हाताला नकली नखं असतील तर मुळीच नाही.

माझ्या मावशीकडे अशीच जागा होती. तिने मधल्या दाराला पूर्ण उंचीचं प्लाय मारलं, पार्लरचं येणंजाणं पुढून आणि स्वयंपाकघराचं मागून केलं. टॉवेल, केरसुणी, बादली, सगळं दोन ठिकाणी वेगळं आणि वेगळ्या रंगाचं. फराळाच्या दहा दिवसांत पार्लरमध्ये रंग आणि स्ट्रेटनिंगची कामं घेतलीच नाहीत.

पार्लरचं स्वतःचं पथ्य वेगळं. ब्लेड प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं. काविळीचा बी आणि सी विषाणू रक्ताच्या न दिसणाऱ्या थेंबातूनही जातो. केसांच्या रंगाआधी कानामागे ॲलर्जीची चाचणी केल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि तो रंग भुवयांना कधीही नाही. पाकिटावर तसं छापलेलंच असतं, वाचत कुणी नाही.

---

तळणीचा_झारा | १० ऑक्टोबर

डोळे भरून आले वाचताना. फॉर्म ए काल रात्रीच भरला. प्लायचं माप घेतलं आहे. उटण्याबद्दल कुणी सांगेल का? जाऊ साहित्य आणायला निघाली आहे.

---

वाळ्याचा_पडदा | १० ऑक्टोबर

तिला थांबवा. मी घरी साबण करून विकत होते आणि नियम कळल्यावर बंद केलं, म्हणून कळकळीने सांगते.

उटणं अंगाला लावायचं, म्हणजे सौंदर्यप्रसाधन. ते विकण्यासाठी किंवा वाटण्यासाठी बनवायचं तर १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम लागतात. त्याला उत्पादन परवाना हवा, आणि ती जागा राहत्या घराला जोडलेली चालत नाही. फराळासारखी शंभर रुपयांची नोंदणी इथे नाही. "विकत नाही, भेट देतोय" हे कारणही चालत नाही, कारण कायद्यात वाटपही धरलं आहे. आयुर्वेदिक म्हणून लिहिलं तर त्याचा परवाना निराळा, पण परवाना आहेच.

आणि कायदा बाजूला ठेवला तरी कपूरकाचरीचा वास लाडवाला लागेल. लहान मूल पुडी फोडून तोंडात घालेल.

उटणं द्यायचंच असेल तर परवाना क्रमांक छापलेलं तयार उटणं विकत घ्या आणि फराळाच्या बॉक्सबाहेर, वेगळ्या पिशवीत द्या. सासूबाईंचं उटणं घरच्यांसाठी करा.

---

जमाखर्च | ११ ऑक्टोबर

बंगळूरच्या आठ बॉक्सबद्दल. मालाच्या विक्रीला जीएसटीची मर्यादा ४० लाख आहे, पण ती राज्यातल्या विक्रीपुरती. करपात्र माल तुम्ही स्वतः दुसऱ्या राज्यात विकला की जीएसटी कायद्याच्या कलम २४ प्रमाणे पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. त्यामुळे साठही बॉक्स कंपनीच्या डोंबिवलीतल्या पत्त्यावर पोचवा, बिल तिथलंच करा. पुढे बंगळूरला ते त्यांच्या खर्चाने पाठवतील. एवढ्यासाठी जीएसटी घेऊ नका, दर वेळची विवरणपत्रं भरत बसाल.

आणखी दोन गोष्टी कुणी सांगत नाही. घरगुती लाल सिलिंडर व्यवसायाला वापरता येत नाही, १९ किलोचा व्यावसायिक घ्या. वीज मात्र, महिन्याला ३०० युनिटच्या आत आणि आधीच्या आर्थिक वर्षात ३६०० च्या आत असेल तर घराच्या एका भागात व्यवसाय असूनही महावितरणचा घरगुती दरच लागतो. पार्लरला एसी आहे का, ते बघा.

---

पुरणयंत्र | ११ ऑक्टोबर

बचत गटात असाल तर प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत सदस्याला ४०,००० रुपयांपर्यंत बीज भांडवल मिळतं. या दिवाळीला नाही होणार, पण मोठी कढई घ्यायची असेल तर जानेवारीत कृषी विभागात चौकशी करा. आणि ताई, तळणीचं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका. तेल खराब होताना वाढणारे ध्रुवीय घटक २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही असा नियम आहे. आपल्याकडे मोजायचं यंत्र नसतं, म्हणून मी चकलीच्या प्रत्येक घाण्याला तारीख टाकते आणि तेल काळसर व्हायच्या आत बदलते.

---

तळणीचा_झारा | १७ ऑक्टोबर

नंबर आला! काल संध्याकाळी. तपासणी लागली नाही, पण लागली असती तरी आता घर तयार आहे. प्लाय बसलं, मागच्या दारी हात धुवायचं वेगळं बेसिन बसवलं. जाऊ स्वतः प्रभाग कार्यालयात जाऊन आली, मराठी पाटी रंगवायला दिली आहे. शॉप ॲक्टची सूचना तिने मोबाइलवरून भरली. एजंटला नम्रपणे नाही कळवलं.

उटण्याचं सासूबाईंना मी सांगितलं. थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "घरात अकरा माणसं आहेत, तेवढं तरी करू देशील ना?" साहित्य त्या उद्या स्वतः आणणार आहेत.

आता एकच विचारायचं राहिलं. अनारशांवर 'कधीपर्यंत खावं' ती तारीख किती दिवसांची घालू? घरी पंधरा दिवस चांगले राहतात, पण बॉक्स बंगळूरला जायचे आहेत.

---

वजनकाटा | १७ ऑक्टोबर

अभिनंदन! स्वतःच्या घरी बंद पाकिटात ठेवून रोज एक उघडून बघा, आजच सुरू करा. जितके दिवस वास, चव, कुरकुरीतपणा तसाच राहतो त्याच्या पुष्कळ आतली तारीख घाला. पंधरा दिवस टिकत असतील तर मी दहा छापेन. लेबलचा मजकूर पाठवा, गुरुवारी प्रूफ देतो.