मदत हवी आहे: जादूच्या वस्तूंचे भाव कशावरून ठरवावेत?

नमस्कार मंडळी. गेले आठ महिने मी पाच खेळाडूंसाठी डन्जन्स अँड ड्रॅगन्स या काल्पनिक पात्रे रंगवत फाशांनी खेळायच्या खेळाची पाचवी आवृत्ती चालवत आहे. त्यांची पात्रे आता सहाव्या पातळीवर पोहोचली असून, सुमारे चार हजार सोन्याची नाणी गाठीशी बांधून ती मोठ्या शहरात आली आहेत; त्यामुळे जादूच्या वस्तूंचे दुकान मांडणे मला भाग आहे.

२०१४ च्या नियमांत भाव केवळ दुर्मिळतेवरून दिले आहेत: अनकॉमन (थोड्या दुर्मिळ) वस्तूला १०१ ते ५०० नाणी, रेअर (त्याहून दुर्मिळ) वस्तूला ५०१ ते ५,०००. अडचण इथेच आहे. पंखांचे बूट आणि पाण्याखाली श्वास घेऊ देणारी टोपी या दोन्ही वस्तू अनकॉमनच. पण ते बूट पायात चढवले की दरी, तटबंदी आणि जमिनीवरून लढणारे राक्षस यांची धास्तीच उरत नाही. उलट, जादूचा लवलेशही नसलेल्या प्लेट चिलखताला १,५०० नाणी मोजावी लागतात. हे मला मुळीच पटत नाही.

तिसऱ्या आवृत्तीत शस्त्राच्या जादूचे मोल त्याच्या बोनसचा (फाशाच्या आकड्यात शस्त्रामुळे होणाऱ्या वाढीचा) वर्ग करून, त्याला २,००० ने गुणून काढत, म्हणजे +१ ला २,००० आणि +२ ला ८,०००. हे सूत्र मला आवडते, परंतु त्या आवृत्तीत खेळाडूंच्या हाती सोनेही बरेच अधिक येत असे.

उपयुक्ततेवरून भाव ठरवण्याचा अनुभव कोणाला आहे का? विशेषतः उडण्याची शक्ती देणाऱ्या वस्तूंना आपण किती नाणी लावलीत, आणि एकदाच वापरता येणाऱ्या वस्तूंसाठी ५० नाण्यांचे हीलिंग पोशन (जखमा भरून काढणारे औषध) आधारभूत धरणे योग्य ठरेल का, हे कृपया सांगावे.